तालमीचा फुटबॉल : कोल्हापूरची गोष्ट, जव्हार-मोखाड्याच्या वर्गात



१५ सप्टेंबर २०१७ हा दिवस तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या लक्षात असेल. त्या वर्षी १७ वर्षांखालच्या मुलांचा फुटबॉल वर्ल्ड कप आपल्या देशात होणार होता, काही सामने तर नवी मुंबईलाच होते. त्यानिमित्त राज्य शासनाने ‘मिशन वन मिलियन’ नावाने एकाच दिवशी दहा लाख मुलं मैदानावर उतरवायचं ठरवलं होतं. शाळाशाळांत फुटबॉल पोचले. मोखाडा तालुक्यातल्या आमच्या शाळेतही पोचले. पाऊस भुरभुरत होता. आमचं मैदान म्हणजे उतारावरचा एक तुकडा, त्याच्या खालच्या अंगाला भात पोटरीला आलेलं. बॉल सारखा भातात जायचा, आणि शेताचे मालक बांधावर छत्री घेऊन उभे. ते काही बोलले नाहीत, पण प्रत्येक वेळी एकच मुलगा आत जाऊन हलक्या पायाने बॉल घेऊन यायचा. खेळाचा तो पहिला नियम आमच्याकडे आपोआप तयार झाला.

दिवाळीपर्यंत बॉल करवंदीच्या जाळीत जाऊन फुटला. पण बॉल टिकला असता तरी फार फरक पडला नसता. भात झोडून झालं, नाचणी-वरई घरात आली की आपल्याकडे काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. पाड्यावरची निम्मी घरं कुलूप लावून भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. सोबत पोरंही. अकरा जणांच्या आमच्या संघात नोव्हेंबरअखेर पाच उरले होते.

हा लेख त्या पाचांवरून सुरू होतो असं म्हणता येईल, पण मधे पाच वर्षं गेली. २०२२ च्या डिसेंबरात कतारचा वर्ल्ड कप चालू होता. सातवीच्या मुलांनी कुणाच्या तरी मोबाइलवर मेस्सीचे गोल बघितले होते. एकाने विचारलं, “सर, मेस्सी अर्जेंटिनाचा ना? मग तो पॅरिसकडून कसा खेळतो?” मी म्हटलं, पॅरिसचा तो क्लब आहे. “क्लब म्हणजे टीमच ना?” मी “हो, तसंच” म्हणून वेळ मारून नेली. घरी आल्यावर वाटलं, आपण चुकीचं उत्तर दिलं. टीम म्हणजे त्या दिवशी खेळणारे अकरा जण. आमच्याकडे टीम होती आणि ती मोडली. क्लब असता तर? मग त्या प्रश्नावर मी चार तासिकांचा एक पाठच तयार केला. त्याची मांडणी आणि त्यामागची माहिती खाली देतो आहे. इतिहास, भूगोल, मराठी आणि शारीरिक शिक्षण अशा चारही ठिकाणी हा पाठ घेता येतो, जिथे तास मिळेल तिथे घ्या.

सुरुवात एका शब्दापासून

मी फळ्यावर एकच शब्द लिहिला : तालीम. मुलांना विचारलं, काय आठवतं? एकाने सांगितलं, नाटकाची तालीम. २६ जानेवारीच्या कार्यक्रमाआधी आपण करतो ती. दुसरा म्हणाला, कुस्तीची. जव्हारला दसऱ्याला कुस्त्या बघायला तो वडिलांबरोबर गेला होता. दोघंही बरोबर. शब्द मूळचा अरबी, अर्थ ‘शिक्षण’. म्हणजे आपली शाळा ही पण एक तालीमच, असं म्हटल्यावर वर्ग हसला.

मराठीत तालीम म्हणजे मुख्यतः कुस्तीचा आखाडा. आत लाल मातीचा हौदा, मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मऊ ठेवलेली, भिंतीवर मारुती, आणि शिकवणारा वस्ताद. ही तालीम कोल्हापुरात मात्र नुसती व्यायामाची जागा राहिली नाही. तिथे शहराच्या पेठा आहेत, मंगळवार पेठ, रविवार पेठ, शिवाजी पेठ अशा, आणि पेठेपेठेत तालमी. पेठेचा गणपती तालमीचा. मोहरमचे पंजेही कित्येक तालमींत बसतात, आणि त्यात हिंदू-मुसलमान दोघेही असतात. भांडण मिटवायचं तर तालमीत, पंचगंगेला पूर आला तर मदतीला तालमीचीच पोरं. म्हणजे तालीम हे पेठेचं घर. आपल्याकडे पाड्यावर जे काम गावदेवीच्या मंदिरासमोरची मोकळी जागा करते, साधारण तेच.

इथे शाहू महाराजांचा उल्लेख करावाच लागतो. १८९४ ते १९२२ हा त्यांच्या कारभाराचा काळ. मुलांना ते आरक्षणामुळे आणि १९१७ च्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या कायद्यामुळे माहीत असतात, किंवा माहीत असायला हवेत. पण ते स्वतः पैलवान होते आणि मल्लांचे मोठे आश्रयदाते होते. १९०२ साली ते युरोपला गेले होते. रोमचं जुनं गोल प्रेक्षागृह पाहून त्यांना कुस्तीसाठी तसं मैदान बांधावंसं वाटलं असं सांगतात. त्यातून १९१२ मध्ये कोल्हापूरचं खासबाग मैदान उभं राहिलं. मधे खोलगट आखाडा आणि भोवती चढत जाणारी बसायची जागा, त्यामुळे लांबच्या माणसालाही कुस्ती दिसते. आमच्या मुलांना ही कल्पना लगेच कळली. डोंगरउतारावर बसून खालचा खेळ बघायची त्यांना सवयच आहे!

मग फुटबॉल कुठून आला?

फुटबॉल इंग्रजांबरोबर आला, हे सगळ्या भारताबद्दल खरं. कोल्हापुरात तो संस्थानच्या काळातच रुजला, राजघराण्याने त्याला हात दिला आणि १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. तिथे तिला सगळे ‘केएसए’च म्हणतात. संघांची आणि खेळाडूंची नोंदणी, वेळापत्रक, पंच, सगळं तीच बघते. छत्रपती घराण्याचा तिच्याशी असलेला संबंध आजही आहे.

पण राजाने आणलेला खेळ राजवाड्यापुरताच राहतो, याची उदाहरणं आपल्याला ठाऊक आहेत. संस्थानं गेली आणि तसे किती खेळ संपले! कोल्हापुरात फुटबॉल संपला नाही, कारण तो तालमींनी उचलला. नवी संस्था काढायची गरजच पडली नाही. पेठ होती, तालीम होती, वर्गणी काढायची रीत होती, वस्तादाचं ऐकायची सवय होती. त्यात फक्त एक बॉल आला.

म्हणून तिथल्या संघांची नावं बघा : पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी क्रीडा मंडळ. ही नावं मी फळ्यावर लिहिली आणि मुलांना विचारलं, यातलं कुठलं नाव फुटबॉलचं वाटतं? एकही नाही, म्हणाले. एका मुलीला ‘दिलबहार’ हे सिनेमाचं नाव वाटलं. नावात फुटबॉल नाही, कारण ही माणसं फुटबॉलसाठी एकत्र आलेली नव्हती. ती आधीच एकत्र होती. पाठाचा गाभा काढायचा तर मी हाच काढेन, आणि पोरांना तो स्वतःहून सापडू द्यावा. आपण आधी सांगून टाकायचा नाही.

आता तिथला हंगाम कसा चालतो ते सांगतो, कारण मुलांना त्यातच जास्त रस होता. पावसाळा संपला की खेळाडूंची नोंदणी सुरू होते. कोण कुठली तालीम सोडून कुठे गेला याच्या बातम्या स्थानिक पेपरांत छापून येतात, अगदी युरोपातल्या बदल्यांसारख्या. मग शाहू स्टेडियमवर वरिष्ठ गटाची सोळा संघांची लीग. लीग झाली की वेगवेगळ्या चषकांच्या स्पर्धा, ते पार उन्हाळ्यापर्यंत. तिकीट काढून लोक येतात. मोठ्या सामन्याला पायऱ्या भरून जातात, दोन पेठा समोरासमोर बसतात, ढोल-ताशे असतात. वर्ल्ड कप आला की पेठापेठांत ब्राझील आणि अर्जेंटिना असे तट पडतात, चौकात खेळाडूंचे कटआउट लागतात. कोल्हापूरचे कुणी सहकारी तुमच्या ओळखीचे असतील तर एकदा विषय काढून बघा. पुढची पंधरा मिनिटं तुम्हाला बोलायला मिळणार नाही.

या मातीतूनच अनिकेत जाधव आला. जन्म २००० चा, वडील रिक्षाचालक, शिक्षण-सराव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत. ज्या वर्ल्ड कपच्या निमित्ताने आपल्या शाळांत बॉल आले, त्याच २०१७ च्या वर्ल्ड कपमध्ये तो भारताकडून खेळला. भारत तिन्ही सामने हरला : अमेरिकेशी ०-३, कोलंबियाशी १-२, घानाशी ०-४. मी हे आकडे मुद्दाम सांगितले. आपली मुलं हरण्याची गोष्टही लक्ष देऊन ऐकतात, आणि कोलंबियाविरुद्धच्या त्या एका गोलला त्यांनी टाळ्या वाजवल्या. तो गोल मणिपूरच्या जिक्सन सिंगचा होता. मग नकाशावर मणिपूर शोधणं आलंच.

दुसरी बाजूही सांगा, लपवू नका. पेठेचा अभिमान मैदानात मारामारीवरही जातो. हुल्लडबाजीमुळे सामने थांबवावे लागले आहेत, पोलीस बंदोबस्तात खेळवावे लागले आहेत. पैसा वाढला, आफ्रिकेतल्या देशांचे खेळाडू संघात येऊ लागले, तेव्हा पेठेतल्या पोराची जागा गेली का यावर वादही झाले. माझं मत विचाराल तर परक्या खेळाडूबरोबर खेळून आपलं पोर शिकतंच. पण तालमीच्या संघात तालमीचं पोर बाकावर बसून राहत असेल तर ते मला पटत नाही. यावर वर्गात चर्चा घ्या. माझ्या वर्गात निम्मी मुलं माझ्या विरोधात गेली. “जिंकायचं असेल तर?” हा त्यांचा मुद्दा. उत्तर मला सुचलं नाही.

आणि मुली? तालीम हे मुळात पुरुषांचं घर. कुस्तीमुळे ते तसं होतं आणि फुटबॉल त्याच घरात आल्यामुळे मुलींना दार उशिरा उघडलं. जुनं घर वापरायला घेतलं की त्याच्या जुन्या भिंतीही सोबत येतात. आमच्या वर्गात बॉल सगळ्यात लांब मारणारी एक मुलगी आहे, तिने हा भाग ऐकताना मान वर केली आणि परत खाली घातली. मला ते अजून आठवतं.

जर्मनीतल्या तालमी

तुम्ही म्हणाल, सर, जव्हार-मोखाड्याहून कोल्हापूर लांब, आता जर्मनी कशाला? थोडं थांबा. जर्मनीत नेमकी हीच गोष्ट घडली आहे, आणि तीही शाळामास्तरांच्या हातून.

१८११ मध्ये बर्लिनजवळ फ्रीडरिश लुडविग यान नावाच्या शिक्षकाने उघड्या माळावर व्यायामाची जागा सुरू केली. दोरखंड, उड्या मारायला लाकडी घोडा, दांड्या. त्यातून गावोगाव व्यायाम मंडळं निघाली. त्यांना जर्मन भाषेत ‘टुर्नफेराइन’ म्हणतात. फेराइन म्हणजे मंडळ. त्यातली लाल माती सोडली तर या आपल्या तालमीच. तरुण एकत्र जमतात, देशाबद्दल बोलतात, म्हणून राज्यकर्त्यांना त्यांची भीती वाटली आणि काही काळ त्यांच्यावर बंदीही आली. आपल्याकडे स्वातंत्र्याच्या काळात आखाड्यांवर इंग्रजांची नजर असायची, त्याची आठवण होते.

फुटबॉल तिथे आणला कॉनराड कोख या शिक्षकाने. ब्राउनश्वाइग नावाच्या गावातल्या शाळेत १८७४ मध्ये त्याने सहकारी व्यायामशिक्षकाच्या मदतीने मुलांपुढे बॉल टाकला. पुढच्या वर्षी खेळाचे नियम जर्मन भाषेत लिहून काढले. गंमत म्हणजे सुरुवातीला ते रग्बीसारखं, बॉल हातात धरूनच खेळायचे. हे वाचलं आणि मला बरं वाटलं. आमच्या २०१७ च्या पहिल्या सामन्यातही निम्मी पोरं बॉल हातातच घेऊन पळत होती.

पण तिथल्या व्यायाम मंडळांना फुटबॉल मुळीच आवडला नाही. १८९८ मध्ये श्टुटगार्टच्या एका व्यायामशिक्षकाने फुटबॉलविरुद्ध चक्क एक पुस्तिका छापली. हा खेळ म्हणजे इंग्रजी रोग, लाथ मारताना माणूस माकडासारखा वाकतो, असं त्याचं म्हणणं. तरी पोरं ऐकेनात. म्युनिकच्या एका क्लबच्या नावातच १८६० हा आकडा आहे. ते साल त्यांच्या व्यायाम मंडळाचं. फुटबॉलचा विभाग त्यांनी १८९९ मध्ये काढला. म्हणजे चाळीस वर्षं तिथे फक्त व्यायाम चालला होता आणि आज लोकांना तो क्लब फुटबॉलचा म्हणून माहीत आहे. पुढे १९२० नंतरच्या काळात व्यायामवाले आणि फुटबॉलवाले यांच्यात इतकं बिनसलं की ठिकठिकाणी मंडळं वेगळी झाली.

होफेनहाइम या गावाची गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटली. वस्ती तीन-साडेतीन हजार. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या ग्रामपंचायतीएवढी. तिथे १८९९ मध्ये व्यायाम मंडळ निघालं, १९२१ मध्ये वेगळं फुटबॉल मंडळ निघालं, आणि दुसरं महायुद्ध संपलं त्या १९४५ साली दोन्ही एक झाली. पुढची जवळजवळ पन्नास वर्षं हा संघ आसपासच्या गावांशी खेळत राहिला. १९९० च्या सुमारास तर तो जिल्हा पातळीच्या लीगमध्ये होता. जग जिंकायचं कुणाच्या मनात नव्हतं. दर रविवारी शेजारच्या गावाशी सामना, एवढंच.

मग लहानपणी याच संघात खेळलेला एक मुलगा, डिटमार होप, मोठा उद्योजक झाला. एसएपी नावाची संगणकाच्या सॉफ्टवेअरची जी प्रसिद्ध कंपनी आहे, तिच्या संस्थापकांपैकी तो एक. त्याने गावच्या क्लबमध्ये पैसा घातला. क्लब एकेक पायरी चढत २००८ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च लीगमध्ये, बुंडेसलिगामध्ये पोचला. २००९ मध्ये शेजारच्या झिन्सहाइम शहरात तीस हजार लोक बसतील असं स्टेडियम झालं. गावात तीन हजार माणसं आणि स्टेडियम तीस हजारांचं! वर्गात एका मुलाने विचारलं, “सर, बाकीचे सत्तावीस हजार कुठून आणतात?” प्रश्न चांगला आहे. आजूबाजूच्या सगळ्या पट्ट्यातून येतात.

जर्मनीतल्या बाकीच्या क्लबांचे चाहते मात्र या क्लबवर चिडून असतात. कारण तिथे नियम आहे की क्लबमधली निम्म्याहून जास्त मतं सभासदांकडेच राहिली पाहिजेत, मग पैसेवाला कितीही मोठा असो. होपने अनेक वर्षं पैसा दिला म्हणून २०१५ मध्ये त्याला अपवाद म्हणून बहुमत देण्यात आलं, आणि २०२३ मध्ये त्याने ते परत सभासदांकडे दिलं. मी हा भाग सातवीला थोडक्यात सांगितला, नववी-दहावीला मात्र तो सहकारी संस्थेच्या धड्याला जोडून नीट सांगता येईल. पतपेढी, दूध सोसायटी यांची उदाहरणं मुलांच्या घरातलीच असतात.

सात नावं

आता आपल्याकडे या. चौथ्या तासिकेला मी मुलांना एक गोष्ट सांगितली, ती तुम्हालाही उपयोगी पडेल. आपल्या देशात संस्था नोंदणीचा कायदा १८६० चा आहे, म्हणजे म्युनिकचं ते व्यायाम मंडळ निघालं त्याच वर्षीचा. संस्था नोंदवायला कमीत कमी किती माणसं लागतात? सात. जर्मनीत मंडळ नोंदवायला किती लागतात? तिथेही सातच. अकरा जण खेळायला लागतात, पण क्लब सात जणांत होतो. आणि त्या सातांना खेळता आलंच पाहिजे असं नाही.

वहीत लिहायला सांगितलं : आपल्या पाड्यावरची अशी सात माणसं, जी पुढच्या दहा वर्षांत कुठे जाणार नाहीत, आणि ज्यांचं लोक ऐकतात.

सगळ्यात जास्त वेळ या कामाला लागला. सोपं वाटतं, पण “कुठे जाणार नाहीत” या अटीवर पेनं थांबली. एकाने वडिलांचं नाव लिहून खोडलं, ते भट्टीवर जातात म्हणून. मोठ्या भावाचं खोडलं, तो वाड्याला कंपनीत लागलाय. शेवटी याद्यांमध्ये म्हाताऱ्या माणसांची, अंगणवाडी सेविकांची, पिठाच्या गिरणीवाल्याची नावं आली. एका मुलीने लिहिलं, “आजी – बॉल सांभाळेल.” मी विचारलं, आजी का? म्हणाली, “शाळेचं कपाट सुट्टीत बंद असतं सर. आजी घरीच असते.”

मित्रांनो, २०१७ चा आमचा संघ का मोडला याचं याहून नेमकं कारण मला कुणी सांगितलेलं नाही. बॉल शाळेचा होता. शाळा पाच वाजता बंद. दिवाळीला बंद, मे महिन्यात बंद. मूल आठवीला आश्रमशाळेत गेलं की ते आमच्या शाळेचं राहत नाही. केंद्र, बीट, तालुका, जिल्हा अशा शालेय स्पर्धांची शिडी आपल्याकडे आहे, आदिवासी विकास प्रकल्पाच्या आश्रमशाळांच्या स्पर्धा वेगळ्या आहेत, पण त्या सगळ्या वयाशी आणि पटाशी बांधलेल्या. पट संपला की खेळाडू संपला. कोल्हापूरच्या पोराचं तसं होत नाही. शाळा सुटली तरी तालीम सुटत नाही.

मग जव्हार-मोखाड्यात तालमीसारखं काय आहे? हा प्रश्न मी दहा-बारा दिवस डोक्यात घेऊन फिरलो. टेनिस बॉल क्रिकेटचे पाड्यापाड्यांचे संघ आहेत, पण ते स्पर्धेपुरते जमतात. कुस्ती आहे, पण दसऱ्यापुरती. उत्तर मुलांच्याच तोंडून आलं : बोहाडा.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. बोहाडा म्हणजे देवादिकांचे मोठे मुखवटे घालून रात्रभर वाद्यांच्या तालावर सोंगं नाचवायचा आपल्याकडचा उत्सव. मोखाड्याचा जगदंबेचा बोहाडा प्रसिद्ध आहे, पण तो गावोगाव होतो. कुठलं सोंग कुठल्या घराने नाचवायचं ते ठरलेलं असतं, बाप थकला की मुलगा तो मुखवटा घेतो. मुखवटे वर्षभर कुणाच्या घरी राहतात, वर्गणी कोण गोळा करतं, वाद न होता क्रम कसा लागतो, हे सगळं चोख ठरलेलं. आणि मुख्य म्हणजे कामाला गेलेली माणसं होळीला आणि बोहाड्याला गावी येतात. मुकादमाशी भांडून येतात, पण येतात.

म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या टिकलेलं, पटावर नसलेलं, माणसं परत आणणारं एक मंडळ आपल्याकडे आहेच. कोल्हापूरने कुस्तीच्या घरात फुटबॉल ठेवला, होफेनहाइमने दोरखंड-दांड्यांच्या घरात. आपण तो बोहाड्याच्या घरात ठेवू शकतो का? मी पाड्यावरच्या दोन जाणत्यांना हे विचारलं. एक म्हणाले, देवाच्या कामात खेळ कशाला, वर्गणीत वाद होतील. त्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही, कोल्हापूरचे वाद मी वाचलेत. दुसरे म्हणाले, होळीच्या दुसऱ्या दिवशी पोरं तशीही रिकामीच असतात, खेळू देत.

तेव्हा होळीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सामना ठेवला. गेलेले विरुद्ध राहिलेले. भट्टीवरून आलेल्यांत २०१७ च्या संघातले तिघं होते, आता मिशा फुटलेले. त्यातल्या एकाला मूलही झालंय. भात निघून गेल्यामुळे खालचं शेत मोकळं होतं आणि मालकांनी आपणहून सांगितलं, इथेच खेळा, वर उतार आहे. राहिलेल्यांच्या बाजूने चार मुली खेळल्या. गेलेल्यांनी तीन-एकने सामना जिंकला. विटा उचलून पाय दणकट झालेत असं ते म्हणाले, हसत म्हणाले, पण ते हसण्यासारखं नाही हे त्यांनाही माहीत होतं.

ज्यांना हा पाठ घ्यायचा आहे त्यांना दोन-तीन गोष्टी सांगून ठेवतो. नकाशा पहिल्या तासालाच लावा, मी तिसऱ्याला लावला आणि तोपर्यंत मुलांना कोल्हापूर गुजरातेत आहे असंच वाटत होतं. जर्मन नावं पाठ करून घेऊ नका, एक होफेनहाइम पुरे. जमलं तर जवळच्या आखाड्यातल्या किंवा दसऱ्याच्या कुस्त्यांतल्या एखाद्या जुन्या पैलवानाला वर्गात बोलवा, तालीम म्हणजे काय हे तो दहा मिनिटांत सांगेल. स्थलांतरित मुलांसाठी हा पाठ दिवाळीच्या आधी घ्या, म्हणजे तेही वर्गात असतील. हंगामी वसतिगृहातल्या मुलांना सात नावांचं काम देताना जरा सांभाळून द्या, आई-बाप गेलेले असताना “कुठे जाणार नाहीत अशी माणसं” लिहायला लावणं जड जातं. हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

सात नावांचं पुढे काय झालं असं विचाराल. आमच्या पाड्याची यादी सध्या पाच नावांवर आहे. सहावं नाव गिरणीवाल्यांचं, ते “बघू” म्हणालेत. सातवं त्या मुलीला स्वतःचं घालायचं आहे, पण ती तेरा वर्षांची आहे, त्यामुळे पाच वर्षं थांबावं लागेल. नवा बॉल आणि पंप तिच्या आजीकडे आहे. संध्याकाळी पोरं दारात जाऊन हाक मारतात, आजी आधी कोण कोण आहे ते मोजते आणि मग बॉल देते.